घरावर पाणी सोडलं

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी आमच्या घराच्या पत्र्यावर चढलो. मुलीला ताप होता, वीज गेलेली होती आणि न्याहारीच्या वेळेलाच पत्रा तापून आतली हवा भट्टीसारखी झाली होती. अंगणातल्या नळाला रबरी पाइप जोडून, नळ सोडून, पाइपचे टोक खांद्यावर घेऊन मी शिडीने वर गेलो आणि ते टोक पत्र्याच्या सगळ्यात उंच भागावर विटेखाली दाबले. पाणी पसरू लागले. पत्र्याने आधी चर्र केले, मग तो गप्प झाला. तेवढ्यात खालून बायकोचा आवाज आला. ती मुलीला सांगत होती, "झोप आता. बाबांनी घरावर पाणी सोडलंय."

मी होतो तिथेच, ओल्या पत्र्यावर बसलो. हेच शब्द मी पूर्वी एकदा छापलेले वाचले होते, आणि त्यांच्या जोरावर आम्हा दोघा भावंडांचे घर माझ्या एकट्याचे झाले होते. तेव्हा मी त्यांचा काय अर्थ घेतला आणि तो काय होता, हे मला त्या क्षणी कळले. थोड्या वेळाने बायको बाहेर येऊन वर बघत म्हणाली, अहो, आंघोळ करायची तर खाली या. मी उतरलो. हे मृत्युपत्र त्या सकाळपासून माझ्या डोक्यात आहे.

मी, पाणीपुरवठ्याचा वॉल्व्हमन, लोकांच्या तोंडी पाणीवाला, वडिलांच्या जागी नोकरीला लागलेला आणि पन्नाशीला टेकलेला, देवाला स्मरून लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हातपाय चालतात आणि हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. 'दडपण' हा शब्द वकीलबाईंचा. मी 'माझ्या मानेवर कोणाचा हात नाही' असे लिहिले होते. त्यांनी ते खोडले. म्हणाल्या, उद्या कोणीतरी विचारेल, मग खांद्यावर होता का? मृत्युपत्रात एका शब्दाचा एकच अर्थ हवा. हे मला पूर्ण पटले. कायद्याची प्रत त्यांनी वेगळी केली आहे, ती आखीव आहे. ही प्रत घरच्यांनी वाचायची आहे.

पहिले कलम माझ्या देहाविषयी. देवाने दिला, तो नेईल, मध्ये कोणी फार खटाटोप करू नये. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर मला शाळेत भाषा शिकवणाऱ्या आणि हल्ली वाचनालय चालवणाऱ्या मास्तरांना बोलायला उभे करू नये. ते सज्जन आहेत आणि मी त्यांचा ऋणी आहे. पण ते माझ्या मरणातूनही काहीतरी अर्थ काढतील.

दुसरे कलम. बँकेतली ठेव, फंड आणि जे काही माझ्या नावावर निघेल ते सर्व बायकोचे. तिने त्यातून मुलीचे शिक्षण पुरे करावे. मुलीने आईला विचारल्याशिवाय आणि आईने मुलीला सांगितल्याशिवाय मोठा खर्च करू नये. दोघींनी एकमेकींशी तिरकस बोलणे कमी करावे. एक म्हणते 'हो, मीच वाईट', आणि दुसरी ते खरे धरून दोन दिवस अबोला धरते. मी असेपर्यंत मधे पडतो. नंतर कोण पडणार?

तिसरे कलम हत्यारांचे. वॉल्व्ह फिरवायची लांब दांड्याची लोखंडी चावी खात्याची आहे, ती परत करावी. तिचा दांडा वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झाला आहे म्हणून कोणी ती ठेवून घेण्याचा मोह धरू नये. मीही धरला नाही. माझे स्वतःचे पाने, पकड आणि पाइपला आटे पाडायचा साचा माझ्या जोडीदाराला, म्हणजे गळक्याला द्यावा. त्याला गळका म्हणतात, कारण त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. मागे बदलून आलेल्या साहेबांनी हे नाव ऐकून त्याला काळजीने बाजूला घेतले होते आणि चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला होता. गळक्याने तो पत्ता खिशात घालून ठेवला आणि ही गोष्ट मात्र सगळ्या खात्याला सांगितली.

आता चौथे कलम, घराचे. ते लांबणार आहे. वकीलबाईंच्या प्रतीत ते चार ओळींचे आहे.

हे घर वडिलांनी बांधले. चार खोल्या, वर पत्रा, मागे मोरी आणि पुढे ओटा. आम्ही दोघे भावंडे. ताई माझ्याहून मोठी. आई आमच्या लहानपणी गेली, त्यामुळे माझ्या शाळेचा डबा, केसांचा भांग आणि पाढे हे सगळे ताईकडे आले. आम्ही दोघेही गावातल्या एकाच शाळेत शिकलो. मी शब्द पाठ केले. ती शब्दांकडे बघत बसायची. लग्न होऊन गेल्यावर ती शिवणकाम करू लागली आणि मधूनमधून कविता लिहू लागली. मास्तर वाचनालयाचा वार्षिक अंक काढत, त्यात त्या छापून येत.

तिची पहिली कविता दाजींवर होती. त्यात 'माझा नवरा दगड आहे, मी त्याला टेकून बसते' अशी ओळ होती. तिच्या सासरी गहजब झाला. नवऱ्याला दगड म्हणाली, तेही छापून! दगड म्हणजे मठ्ठ, दगड म्हणजे काळीज नसलेला, असे ज्याने त्याने आपापल्या मनाने घेतले. ताईने समजावून सांगितले की ऊन उतरल्यावरही दगड बराच वेळ गरम राहतो, त्याला पाठ टेकली की बरे वाटते, तेवढेच तिला म्हणायचे होते. कोणी ऐकले नाही. दाजींना तेवढे कळले. ते मला म्हणाले, मला दगड म्हणते ते दिसतं सगळ्यांना, टेकायला येते ते कोणाला दिसत नाही.

तेव्हा मी लोकांना हसलो होतो. भजनात आम्ही देवाला आई म्हणतो, पण देव कोणता पदर घेतो असे कोणी विचारलेले मी ऐकले नाही. माणसाला अशा बोलण्याची समज असते. ती कुठे जाते आणि का जाते, हे मला नंतर कळायचे होते.

वडील भर उन्हाळ्यात गेले. ताई आली, सगळे निस्तरले, आणि मग मला ताप भरला. ती दोन दिवस जास्त राहिली. तिसऱ्या दिवशी दाजींचा निरोप आला म्हणून तिला दुपारच्या गाडीने निघावे लागले. माझे तेव्हा लग्न व्हायचे होते. मी जागा झालो तेव्हा ती गेलेली होती. निरोप न घेता गेली, हे मला लागले.

वर्षाने अंकात तिची कविता आली. ती अशी :

निघताना घरावर पाणी सोडलं.
दार ओढून घेतलं,
कडी घातली नाही.
आत एक झोप होती,
ती मोडू नये म्हणून
चपला हातात घेतल्या.

एवढीच. तोपर्यंत माझे लग्न झाले होते. ओट्यावर माझे काका बसले होते, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी ती दोनदा वाचली आणि अंक माझ्या मांडीवर ठेवला. "हे बघ. पोरीने घरावर पाणी सोडलंय. आणि ते छापून दिलंय. आता तोंडी काही राहिलं नाही."

मी म्हणालो की कविता आहे ती. काका म्हणाले, कविता असली म्हणून काय झालं, सही आहे खाली. मग त्यांनी एकेक ओळ उलगडली. घरावर पाणी सोडलं, म्हणजे हक्क सोडला. दार ओढून घेतलं, म्हणजे संबंध संपला. चपला हातात घेतल्या, म्हणजे रागावून गेली, जाताना मारायचेच काय ते बाकी ठेवले होते. माझी बायको आतून म्हणाली की कडी घातली नाही असेही लिहिले आहे. काकांनी मानही न वळवता सांगितले, ते यमकासाठी असतं. त्या कवितेत कुठेही यमक नाही, हे मला तेव्हा दिसले नाही.

पुढच्या महिन्यात वाचनालयात मास्तरांचे भाषण झाले. त्यांनी हीच कविता घेतली. ही त्यागाची कविता आहे, म्हणाले. यातली झोप साधी झोप नाही. ती भावाची झोप आहे, घराची झोप आहे, आपल्या सगळ्यांची झोप आहे. बहीण जागी होऊन निघून जाते आणि भाऊ घोरत राहतो. टाळ्या पडल्या. काही जणांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि माझे कान तापले होते. भर सभेत सख्ख्या बहिणीने आपल्याला झोपाळू म्हटले आणि आपण ते ऐकून घेतले, एवढेच घेऊन मी घरी आलो. काकांनी हक्कसोडपत्राचा मसुदा केला आणि तो घेऊन ते स्वतः ताईकडे निघाले, तेव्हा म्हणूनच मी त्यांना अडवले नाही. ते तिला नोंदणी कचेरीत नेऊन, सही घेऊन संध्याकाळी परत आले. तिने काही विचारले का, असे मी म्हणालो. काका म्हणाले, चहा केला, सही केली, बारीक अक्षर दिसेना म्हणून चष्मा कुठे मिळतो ते विचारलं.

मला इथे एक गोष्ट नोंदवायची आहे. दिवसभर माझ्या तोंडी 'पाणी सोडणे' हाच शब्द असतो. वरच्या आळीला पाणी सोडलं, दवाखान्याला पाणी सोडलं, आज उशिरा सोडणार. मी आणि माझे वडील, आम्ही दोघांनी त्यातच आयुष्य काढले. रोज पहाटे पहिला वॉल्व्ह फिरवताना मी देवाचे नाव घेतो. अशा माणसाने हा शब्द वाचावा आणि त्याच्या डोक्यात सगळे यावे, फक्त पाणी येऊ नये, हे कसे झाले? लोक आशेवर पाणी सोडतात, बढतीवर सोडतात, हिश्श्यावर सोडतात. तो अर्थ मला आयता मिळाला आणि तो माझ्या रागाला पुरेसा होता. आई उन्हाळ्यात आम्हाला झोपवताना म्हणायची, बाबांनी घरावर पाणी सोडलंय, आता गार होईल. मी ते विसरलो. ताई विसरली नव्हती. तिने आईचेच शब्द लिहिले होते.

जिथे ती एक म्हणून दुसरे सांगत होती तिथे लोकांनी तिचे शब्द अक्षरशः घेतले. जिथे ती सरळ घडलेले सांगत होती तिथे आम्ही अर्थ शोधत बसलो. काकांनी शोधला, मास्तरांनी शोधला, मी दोघांचे ऐकले. तिला मात्र कोणी विचारले नाही.

विचारले, असेही म्हणता येईल. सही झाल्यावर काही महिन्यांनी ती आली. दारातच उभी होती, हातात पिशवी. मी पाणीसुद्धा विचारले नाही. "ताई, तू घरावर पाणी सोडलंस ना?" असे मी म्हणालो.

ती म्हणाली, "हो. सोडलं होतं. तू झोपला होतास."

ही मला दुसरी चपराक वाटली. तोच टोमणा, आता तोंडावर. मी आत निघून गेलो. बायकोने तिला बसवले, खायला दिले, ती थोडे खाऊन पुढच्या गाडीने परत गेली. त्यानंतर ती लग्नकार्यापुरती येत राहिली आणि परक्यासारखी वेळेवर जात राहिली. अंकात तिची कविता पुन्हा आली नाही. मास्तरांनी दोनदा मागितली, तिने दोन्ही वेळा काम फार आहे असे कळवले.

दाजी जाऊन आता काही वर्षे झाली. ताई भाड्याच्या एका खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवते, उसवलेले सांधते. ती इमारत विकली गेली आहे आणि तिला खोली रिकामी करायला सांगितले आहे. हे मला गळक्याकडून कळले. तिने मला सांगितले नव्हते.

पत्र्यावरच्या त्या सकाळनंतर मी लगेच तिच्याकडे गेलो नाही. जाऊन काय बोलायचे ते सापडेना. शेवटी गेलो तेव्हा ती मशीनवर होती. मी स्टुलावर बसलो आणि एकदम विचारले, "ताई, त्या दिवशी तू घरावर पाणी सोडलंस, म्हणजे खरंच पाणी?"

"मग काय, दूध?" ती म्हणाली. मशीन थांबवले नाही.

मग सुई बदलता बदलता तिने सांगितले. मला ताप होता, पत्रा तापला होता, पंखा बंद होता. तिने वर पाइप लावला. तासाभराने नळ बंद करा म्हणून शेजारच्या काकूंना सांगितले. झळ आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतले, आणि काकूंना आत येऊन मला बघता यावे म्हणून कडी घातली नाही. चपला ओट्यावर वाजत होत्या म्हणून रस्त्यापर्यंत हातात नेल्या.

"मग कागदावर सही का केलीस?"

"तू मागितलीस म्हणून. मला वाटलं, याला घर हवंय, तोंडाने मागायला लाजतो, म्हणून काकांना पुढे केलंय. तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस. म्हटलं, देऊन टाकू."

"आणि मी दारात विचारलं तेव्हा?"

"तेव्हा सांगितलं की. तू झोपला होतास म्हणून."

ती कापड वळवत होती. मी विचारले की नंतर लिहिले का नाहीस. ती म्हणाली, "एक कविता लिहिली तर घर गेलं. आणखी लिहायला माझ्याकडे दुसरं घर होतं कुठे?" आणि हसली. तिच्या हसण्याचा मी काही अर्थ लावला नाही.

घरी येऊन मी या मृत्युपत्राचा पहिला मसुदा केला. त्यात निम्मे घर माझ्यामागे ताईला द्यावे असे होते. मला फार हलके वाटले. तो मसुदा घेऊन मी पुन्हा तिच्याकडे गेलो आणि वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "पण मी तुझ्यापेक्षा मोठी आहे ना रे. तू कधी जातोस याची वाट बघत बसू का मी? बहिणीने असं काय मागायचं देवाकडे?"

जे आयुष्यात द्यायला हवे होते ते मी मरणावर ढकलत होतो, आणि त्यालाच दान समजत होतो. शिवाय मृत्युपत्र वाचतात तेव्हा लिहिणारा समोर नसतो. ताई तर समोर होती, धडधाकट होती, एका गाडीच्या अंतरावर होती, तरी तिच्या सहा ओळींचे आम्ही काय केले! माझ्या ओळींचे कोण काय करेल, ते मी कसे सांगू?

पाचवे कलम काकांविषयी. ते आता थकले आहेत, त्यांना दिसत नाही. त्यांना यातले काही सांगू नये. त्यांच्यावर मी जो राग धरला होता तो कोणाला वारसाने जाऊ नये म्हणून मी तो आजच रद्द करतो. मास्तरांवरचाही करतो, शोकसभेची अट सोडून. माझ्या स्वतःवरचा राग माझ्याबरोबर येईल, त्याची वाटणी करू नये.

सहावे कलम मुलीसाठी. ताईच्या कविता छापलेले सगळे अंक तिचे. तिने ते आत्यासमोर बसून वाचावेत. अर्थ सांगण्याआधी विचारावे. कोणी परस्पर अर्थ सांगू लागले, तर त्याला त्या अर्थातून काय मिळणार आहे ते आधी बघावे. मला घर मिळाले होते.

माझ्या वाट्याचे निम्मे घर माझ्यामागे बायकोचे आणि तिच्यामागे मुलीचे.

उरलेल्या निम्म्याविषयी या मृत्युपत्रात काहीही लिहिलेले नाही. गेल्या सोमवारी मी रजा टाकली आणि ताईला घेऊन नोंदणी कचेरीत गेलो. ती वाटेत दोनदा म्हणाली, राहू दे रे, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, म्हणू देत. खिडकीवरच्या कारकुनाने विचारले की हक्कसोड झालेली मिळकत परत का देताय. मी सांगितले, वाचण्यात चूक झाली होती. त्याने जुना कागद काढला आणि त्यातला चुकीचा आकडा शोधू लागला. ताईने तोंडाला पदर लावला. बराच वेळ शोधून त्याला काही सापडले नाही, तेव्हा त्याने नव्या कागदावर शिक्का मारला. आम्ही दोघांनी सह्या केल्या. निम्मे घर ताईच्या नावावर झाले. मी आहे तोवर झाले, ती आहे तोवर झाले, आणि ते द्यायला आता माझ्याकडे उरलेले नाही.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, स्वतः वाचला, आणि साक्षीदारांना वाचून दाखवून यातून तुम्हाला काय कळले असे त्यांना विचारले. दोघांनी सांगितले ते जुळले. मग सही केली.

लिहून ठेवणार : पाणीवाला (सही)

साक्षीदार : मला तपासून डोके ठिकाणावर असल्याचे सांगणारे डॉक्टर (सही)

साक्षीदार : कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

दिनांक : ताईचे सामान आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवार

ठिकाण : आमचे दोघांचे घर